जाहिरातीचं कात्रण फेकू नका

नागपुरात रविवारचा पेपर उघडला की पहिलं अख्खं पान प्लॉटच्या जाहिरातीचं. ‘मिहानपासून फक्त १० मिनिटं. समृद्धी महामार्गालगत. एनए-टीपी मंजूर. रजिस्ट्री फ्री. ८० टक्के लोन.’ आणि अगदी तळाशी चार ओळी इतक्या बारीक, की पान डोळ्यांपाशी न्यावं लागतं. लेआउटचं नाव दर आठवड्याला बदलतं, बाकी मजकूर तोच असतो.

या पानावरचं एकही वाक्य खोटं नसेल आणि तरी ते वाचून टोकन देणारा माणूस फसेल, असं होऊ शकतं. धडधडीत खोटी जाहिरात आपण ओळखतो. आठ दिवसांत टकलावर केस उगवतील यावर फार थोडे लोक विश्वास ठेवतात. अडचण त्या जाहिरातींची आहे ज्या खरं बोलतात, पण अर्धंच बोलतात. म्हणून जाहिरातीवर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: विश्वास ठेवायचाच नाही आणि सोडूनही द्यायची नाही. विकणाऱ्याने चारचौघांत दिलेला जबाब म्हणून ती वाचायची आणि जपून ठेवायची. कायदाही तिच्याकडे असंच बघतो. जाहिरातीत केलेला दावा सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे.

तेच पान आता ओळीओळीने वाचू, कारण आपल्या शहरात सामान्य माणसाचा सगळ्यात मोठा पैसा याच जाहिरातींवर जातो.

‘मिहानपासून १० मिनिटं.’ मिहान म्हणजे काही एक चौक नाही. विमानतळाला लागून दूरवर पसरलेला तो उद्योग आणि मालवाहतुकीचा प्रकल्प आहे. त्याच्या कोणत्या टोकापासून मोजलं? किती वाजता? मिनिटांचा दावा कोर्टात पकडणं कठीण जातं, म्हणून तर अंतर किलोमीटरमध्ये न देता मिनिटांत देतात. विचारायचं तर सरळ किलोमीटर विचारा, आणि कोणत्या गेटपासून तेही.

‘समृद्धी महामार्गालगत.’ हे वाक्य मला जास्त खटकतं. शिवमडक्यापासून सुरू होणारा हा महामार्ग बंदिस्त आहे. त्यावर चढता-उतरता येतं ते फक्त ठरवून दिलेल्या इंटरचेंजवर. प्लॉटच्या कुंपणापलीकडे गाड्या धावताना दिसल्या, तरी तुमची गाडी तिथून वर जाणार नाही. ‘लगत’ असणं आणि रस्त्याचा उपयोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाव मात्र दुसऱ्या गोष्टीचा लावलेला असतो. मेट्रोचंही तसंच. दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, सुमारे ४३.८ किलोमीटरचा, बुटीबोरी, हिंगणा, कन्हान, कापसी अशा चारही दिशांना जाणारा. मंजुरी खरी आहे. पण जाहिरातीतल्या नकाशावर काढलेलं स्टेशन आणि मंजूर आराखड्यातलं स्टेशन एकाच जागी आहे का, हे आपणच जुळवून पाहायचं.

‘एनए-टीपी मंजूर.’ शेतजमीन बिगरशेती झाल्याचा आदेश आणि नगररचनेने मंजूर केलेला नकाशा, असे दोन कागद यात अपेक्षित आहेत. दोन्हींवर क्रमांक असतो, तारीख असते, मौजा (गाव) आणि खसरा (जमिनीचा) क्रमांक असतो. पुष्कळदा असं होतं की मोठ्या जमिनीच्या एका तुकड्याची मंजुरी असते आणि जाहिरात सगळ्या जमिनीची होते. ‘आरएल आहे’, म्हणजे प्लॉटचं रिलीज लेटर आहे, असं कोणी सांगितलं तरी प्रश्न तोच: ते पत्र तुम्हाला दाखवलेल्याच प्लॉट क्रमांकाचं आहे का?

‘रजिस्ट्री फ्री.’ मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारजमा होते, ती कोणी माफ करू शकत नाही. विकणारा ती स्वतः भरतो म्हणजे ती दरात आधीच धरलेली असते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू घरी आणण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही द्यावं लागत असेल, तर त्या गोष्टीला फुकट म्हणता येत नाही. रजिस्ट्री फ्री असलेल्या प्लॉटचा स्क्वेअर फुटाचा दर आणि त्याच मौजात शेजारच्या लेआउटचा दर एकदा शेजारी शेजारी मांडून बघा.

आता त्या पानावर काय नाही ते शोधा. महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे का? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन पाडून प्लॉट विकायचे असतील, तर नोंदणीआधी जाहिरात करायलाच बंदी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. मोबाइलने तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं: मालक कोण, मंजुरी कोणती, कर्जाचा बोजा आहे का, काम कधी पूर्ण करणार. क्यूआर कोड नसेल तर पुढचं काही वाचू नका. इतकं कडक मी दुसऱ्या कोणत्याही गोष्टीबद्दल सांगणार नाही.

साइटवर नेणारा मुलगा गोड बोलतो. ‘काका, आजच टोकन टाका, सोमवारपासून रेट वाढून राहिला.’ त्याला त्याचं टार्गेट आहे, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्याला शांतपणे सांगता येतं. आणि याच कायद्याचं १२ वं कलम लक्षात ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले आणि त्यामुळे ज्याचं नुकसान झालं, त्याला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर भरलेली पूर्ण रक्कम व्याजासकट परत मागता येते. फक्त जाहिरात काय होती ते दाखवावं लागतं, आणि नेमकं तेच पान आपण रद्दीत दिलेलं असतं.

कायदा दिशाभूल कशाला म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचं खोटं वर्णन, खोटी हमी, अनुचित व्यापारी प्रथा ठरेल असा संदेश हे सगळं त्यात येतंच. त्यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हीसुद्धा दिशाभूलच. म्हणजे ‘आम्ही खोटं कुठे बोललो?’ हा बचाव पुरत नाही.

याच कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए, स्थापन झालं. ते जाहिरात थांबवू शकतं, उत्पादकाला आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि नंतर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्या प्रसिद्ध व्यक्तीला वर्षभर, आणि पुन्हा तेच केलं तर तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची जाहिरात करायला बंदी घालू शकतं. मात्र आपण दाव्याची नीट खातरजमा केली होती, हे दाखवलं तर त्या व्यक्तीची सुटका होते.

बारीक अक्षरांतल्या अटींबद्दल नियम असा आहे की अट मूळ दाव्याच्याच भाषेत हवी, ठळक हवी, सहज वाचता यावी, आणि तिने मूळ दावाच उलटा फिरवू नये. वर मराठीत ‘हमी’ आणि खाली इंग्रजीत ‘हमी नाही’, हे चालत नाही.

याचं अलीकडचं चांगलं उदाहरण रॅपिडोचं. ‘५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा’ अशी त्यांची जाहिरात १२० पेक्षा जास्त शहरांत जवळपास दीड वर्ष चालली. सीसीपीएने तपासलं तेव्हा एकेक पापुद्रा सुटत गेला. ५० रुपये म्हणजे ‘५० रुपयांपर्यंत’. तेही रोख नाहीत, तर ॲपमधली नाणी. ती नाणी फक्त बाइकच्या फेरीला चालणार, आणि सात दिवसांत वापरली नाहीत तर गेली. शिवाय अटींमध्ये लिहिलेलं, की हमी कंपनीची नाही, त्या त्या चालकाची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये १० लाखांचा दंड झाला, आणि ज्यांना कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत त्यांना ते पूर्ण परत करायचा आदेशही निघाला. यात प्रत्येक अट कुठे ना कुठे लिहिलेली होती, हे लक्षात घ्या. तरीही ती दिशाभूल ठरली, कारण ‘हमी’ हा मोठा शब्द वाचून ऑटो बोलावणाऱ्या माणसाच्या मनात जे येणार होतं, ते खरं नव्हतं. कंपनीला काय म्हणायचं होतं, यापेक्षा साधारण माणसाने काय समजून घेतलं, हे इथे मोजलं जातं.

अतिशयोक्तीला मात्र सूट आहे, आणि ती असावी असं मला वाटतं. ‘आमच्या चिवड्याची चव घेतली की जग विसराल’ याला कोणी कोर्टात ओढणार नाही, कारण ते मोजताच येत नाही. पण मोजता येण्यासारखं काही म्हटलं की पुरावा द्यावा लागतो. सेन्सोडाइन टूथपेस्टच्या जाहिरातीत ‘जगभरातल्या दंतवैद्यांची शिफारस’ आणि ‘जगातली पहिल्या क्रमांकाची’ असे दावे होते. त्यांना जगभरचा पुरता आधार दाखवता आला नाही, म्हणून २०२२ मध्ये १० लाखांचा दंड झाला. ‘विदर्भात नंबर १’ असं लिहिलेल्या बोर्डाखाली उभं राहून ‘कोणाच्या मोजणीत?’ असं विचारायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

एप्रिल-मे आला की

नागपूरचा उन्हाळा हा जाहिरातदारांचा हंगाम आहे. पारा ४५ वर जातो, कूलरला खस लागते, एसी दिवसभर चालतो आणि बिल बघून पोटात गोळा येतो. नेमक्या त्याच आठवड्यात मोबाइलवर एका छोट्या डब्याची जाहिरात येते. सॉकेटमध्ये लावा, वीजबिल ४० टक्के कमी. डब्यावर हिरवा दिवा लागतो. किंमत हजार-पाचशे. माणूस म्हणतो, एका महिन्यात वसूल होईल.

हा डबा का चालत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर असतो. पंखा, कूलरची मोटर, फ्रिजचा कॉम्प्रेसर ही यंत्रं वायरमधून थोडा जादा प्रवाह खेळवत ठेवतात, पण त्या प्रवाहाने प्रत्यक्ष काम होत नाही. कपॅसिटर तो जादा प्रवाह कमी करतो. इथपर्यंत जाहिरात खरी आहे, आणि म्हणूनच विक्रेता ॲम्पिअर दाखवणाऱ्या मीटरवर काटा खाली येतो तो व्हिडिओत दाखवतो. व्हिडिओही खोटा नसतो. पण घरगुती मीटर त्या जादा प्रवाहाचे पैसे लावतच नाही. ते मोजतं फक्त प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा, म्हणजे युनिट. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. डबा लावला तरी तेच एक युनिट. कारखान्यांच्या वीज आकारणीत पॉवर फॅक्टरला, म्हणजे घेतलेल्या प्रवाहातला किती भाग कामी येतो याला, महत्त्व असतं, तिथे कपॅसिटरचा उपयोग होतो. तिथलं सत्य उचलून आपल्या बैठकीच्या खोलीत आणून विकलं, एवढंच झालं.

घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. घरातलं सगळं बंद करा, फक्त एक पंखा सुरू ठेवा आणि पाच मिनिटं लुकलुक मोजा. मग तो डबा लावून पुन्हा पाच मिनिटं मोजा. आकडा तोच येईल.

एसीच्या जाहिरातीत आणखी एक गोष्ट बघायची. ‘५ स्टार’ हे चिन्ह कायमचं नसतं. ऊर्जा दक्षता ब्युरो निकष वेळोवेळी कडक करतं. १ जुलै २०२२ ला ते बदलले तेव्हा आधीचा पाच स्टारचा एसी चार स्टारमध्ये गेला. लेबलवर ते कोणत्या काळासाठी आहे ते छापलेलं असतं. ‘५ स्टार, अर्ध्या किमतीत’ असं दिसलं तर आधी ती मुदत वाचा. जुना माल स्वस्तात घेण्यात काहीच गैर नाही, फक्त आपण जुना माल घेतोय हे आपल्याला माहीत असावं.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’. समजा एसी ३९,००० ला आहे, महिन्याला ३,२५० असे बारा हप्ते. हिशेब बरोबर ३९,००० चाच येतो, व्याज कुठेच दिसत नाही. आता दुकानदाराला विचारा, ‘दादा, रोख दिले तर कितीला द्याल?’ तो म्हणाला ३६,५००, तर तुमचं व्याज सापडलं: २,५००. त्यावर ४९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. एकूण ३,०८९ रुपये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही, खर्च कुठे तरी लपवलेला असतो. हप्त्यावर घेऊ नका असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात घरात म्हातारं माणूस असेल तर एसी हप्त्यावर घ्यावाच लागतो. फक्त ३,०८९ हा आकडा मनात ठेवून सही करा.

सोन्याच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा. ‘मजुरीवर ५० टक्के सूट’ असा बोर्ड असला, तर मजुरीआधी सोन्याचा दर कोणता धरला ते बिलावर पाहा आणि इतवारीच्या सराफ बाजारातल्या त्या दिवसाच्या भावाशी जुळवा. हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की दागिन्याची शुद्धता कळते.

पॅकबंद रसाचं एक सांगून पुढे जातो, कारण संत्र्याच्या गावात ते सांगायलाच हवं. डब्यावर ‘१०० टक्के फळांचा रस’ लिहिलेलं असायचं आणि मागच्या बाजूला घटकांमध्ये पाणी आणि घट्ट केलेला रस. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा रसांवरून आणि त्यांच्या जाहिरातींतून १०० टक्क्यांचा दावा काढायला सांगितलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिल्या क्रमांकावर पाणी असेल, तर पुढच्या बाजूच्या चित्रातलं संत्रं बघून काही ठरवू नका.

जिथे जीव गुंतलेला असतो

प्लॉटमध्ये पैसा जातो. औषधाच्या जाहिरातीत वेळ जातो आणि तो परत मिळत नाही. साखरेच्या आजारावर कायमचा इलाज मिळतो म्हणून ज्याने इन्सुलिन बंद केलं, त्याचं काय होतं हे कोणत्याही डॉक्टरला विचारा.

यावर कायदा फार जुना आहे. औषधे आणि जादुई उपचार कायदा, १९५४ चा. त्याला आजारांची एक यादी जोडली आहे: मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मोतीबिंदू, संधिवात, लठ्ठपणा, मूतखडा, लकवा, वंध्यत्व, लैंगिक दुर्बलता, उंची वाढवणं असे कितीतरी. या आजारांवर आमच्या औषधाने गुण येतो अशी जाहिरातच करता येत नाही. औषध चांगलं की वाईट हा पुढचा प्रश्न, जाहिरात केली हाच गुन्हा. आता रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंती, बर्डीतल्या खांबांवरची पत्रकं, मोबाइलवरचे व्हिडिओ आठवा. कित्येक दशकांपूर्वीची ती यादी आज जशीच्या तशी भिंतीवर रंगवलेली सापडते. कायदा नाही म्हणून हे चाललेलं नाही. तक्रार होत नाही आणि झाली तर पाठपुरावा होत नाही, म्हणून चाललं आहे.

पतंजलीच्या जाहिरातींवर इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयाला हमी दिली, तरी जाहिराती थांबल्या नाहीत आणि प्रकरण अवमानापर्यंत गेलं. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापली, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं की माफीचा आकार तुमच्या जाहिरातींएवढाच आहे का? मग त्यांनी मूळ पेपर कापून आणायला सांगितलं, झेरॉक्सवर मोठं करून नको, खरा आकार बघायचा आहे म्हणून. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही शेवटी पुरावा ठरलं ते वर्तमानपत्राचं कात्रण.

कोचिंगच्या जाहिरातींकडे मी याच नजरेने बघतो, कारण तिथेही आईबापांचा जीव गुंतलेला असतो. निकाल लागला की शहरभर फोटोंचे होर्डिंग लागतात. सीसीपीएने गेल्या काही वर्षांत यूपीएससीच्या अनेक क्लासेसना दंड केला, त्यात एक गोष्ट वारंवार समोर आली: फोटोतल्या बहुतेक मुलांनी तिथे फक्त मुलाखतीचं फुकट मार्गदर्शन घेतलं होतं. पूर्व आणि मुख्य परीक्षा त्यांनी आधीच स्वतःच्या बळावर पार केली होती. जाहिरात मात्र लाख-दीड लाखांच्या मुख्य कोर्सची. नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोटोशेजारी त्या मुलाचं नाव, रँक, त्याने कोणता कोर्स घेतला आणि तो पैसे भरून घेतला का, हे लिहायलाच हवं. मुलाची लेखी संमती निकालानंतर घ्यायची, ॲडमिशनच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन नाही. नीट-जेईईच्या होर्डिंगखाली उभं राहून ‘हा मुलगा तुमच्याकडे किती महिने होता?’ असं विचारणं हा पालकांचा हक्क आहे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर फी भरायची घाई करू नका.

रील बनवणाऱ्यांनाही नियम लागू आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट जेवण घेऊन कौतुक केलं असेल, तर ती जाहिरात आहे हे त्याच भाषेत, ठळकपणे सांगावं लागतं.

मग करायचं काय

पैसे देण्याआधी एक काम करा. जाहिरातीतला जो दावा तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, तो बिलावर किंवा करारावर लिहून मागा. ‘मेट्रो स्टेशन ७०० मीटरवर’, ‘पाच वर्षं गॅस भरणं मोफत’, ‘नापास झाल्यास फी परत’, जे असेल ते. खरा दावा करणारा लिहून देतो. ‘तोंडी सांगितलं ना काकू, विश्वास नाही का आमच्यावर?’ असं उत्तर आलं की तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

आणि जाहिरात जपा. पेपरचं कात्रण असेल तर पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं कापा. होर्डिंगचा फोटो आजूबाजूच्या खुणांसकट काढा. मोबाइलवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, ती उद्या दिसेलच असं नाही. छापणारा पेपर जबाबदार नाही का, असं लोक विचारतात. नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून छापली असेल आणि ती मागे घेण्याचा सीसीपीएचा आदेश आधी माहीत नसेल, तर कायदा प्रकाशकाला सोडतो. म्हणून मोठ्या पेपरात आली म्हणजे तपासलेली असेल, हा समज सोडायला हवा.

तक्रारीच्या वाटा दोन आहेत आणि त्यांत लोकांची गल्लत होते. जाहिरात बंद व्हावी, दंड व्हावा असं वाटत असेल तर सीसीपीए. त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, म्हणजे सिव्हिल लाइन्सपर्यंत गेलात तरी पुरे. जाहिरात उद्योगाची स्वतःची संस्था एएससीआय १९८५ पासून आहे. तिच्या ७७१००१२३४५ या क्रमांकावर व्हॉट्सॲपने जाहिरातीचा फोटो पाठवता येतो. ती दंड करत नाही, जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते. या वाटेने तुमच्या खिशात सहसा काही परत येत नाही, दंड सरकारजमा होतो.

पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोग. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं, आणि काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोग. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते, आणि ऑनलाइनही. लेआउट विकसित करून देण्याच्या आश्वासनावर विकलेला प्लॉट ही सेवा ठरते आणि ग्राहक कायद्यात बसते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे.

वेळ लागतो, हे लपवणार नाही. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. दिल्लीत एका माणसाने गोरेपणाची क्रीम ७९ रुपयांना घेतली, गोरा झाला नाही, म्हणून २०१३ मध्ये इमामी कंपनीवर तक्रार केली. २०१५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, वरच्या आयोगाने तो पुन्हा ऐकायला परत पाठवला. कंपनीचं म्हणणं असं की परिणाम दिसायला आहार, व्यायाम, निरोगी सवयी असं सगळं लागतं. वेष्टणावर मात्र यातलं काही नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाने कंपनीला साडेचौदा लाखांची दंडात्मक भरपाई भरायला लावली. त्यातले १४ लाख दिल्लीच्या ग्राहक कल्याण निधीला आणि ५० हजार त्या माणसाला, वर खर्चाचे १० हजार.

त्यामुळे तक्रार लिहिताना आपण किती चिडलो यावर दोन पानं घालवू नका. जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं लिहा, ते कुठे आणि कोणत्या तारखेला आलं ते लिहा. त्याखाली प्रत्यक्षात काय मिळालं ते लिहा, मग बिलाचा क्रमांक, मग तुम्हाला नेमकं काय हवं आहे. सोबत कात्रणाची प्रत जोडा आणि मूळ कात्रण घरीच फाइलमध्ये ठेवा, आयोगाने मागितल्यावरच न्या.